आमदार, खासदार आणि अमेरिकेचा कारभार

उधन्यातील मराठी घरांत एकाच प्रतिनिधीला दोन नावे असतात. खानदेशातून आलेल्या वडीलधाऱ्यांचा ‘आमदार’ गुजराती वर्तमानपत्रात ‘धारासभ्य’ होतो. नाव बदलले तरी पद तेच. अमेरिकेच्या कारभाराविषयी बोलताना मात्र उलटे घडते. शब्द आपला, पद निराळे.

श्री ठाणेदार यांचे उदाहरण घेऊ. मूळचे बेळगावचे हे गृहस्थ २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या आणि २०२२ मध्ये देशाच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. आपल्या भाषेत आधी आमदार, मग खासदार. परंतु आपल्या लोकसभेने अविश्वास दाखविला, की पंतप्रधानांस पायउतार व्हावे लागते. तिकडचे ४३५ प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षांना तसे घालवू शकत नाहीत. महाभियोगाची वाट आहे, पण ती सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांतून जाते. मराठीने दिल्लीच्या पदाला ‘राष्ट्रपती’ आणि तिकडच्या पदाला ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हटले, हा भेद मला मोलाचा वाटतो.

खरा घोटाळा ‘निर्वाचक मंडळ’ या शब्दाने होतो. आपले राष्ट्रपती निवडणारे मंडळ निर्वाचित खासदार-आमदारांचे. अमेरिकेत संसद-सदस्याला निर्वाचक होताच येत नाही. तेथे ५३८ निर्वाचक त्या एकाच कामासाठी निवडले जातात आणि २७० मतांनी निवड होते. दोन राज्ये वगळता, राज्यात पुढे असणाऱ्याच्या पदरात तेथील सगळे निर्वाचक पडतात. म्हणूनच २०१६ मध्ये देशभरात २८ लाखांहून अधिक मते कमी असूनही ट्रम्प निवडून आले. तिकडे नागरिकत्व घेणाऱ्या आपल्या मुलांना मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नाव दिसेल. मत मात्र निर्वाचकांना पडलेले असेल.