तेरा सेकंदांच्या आधी आणि नंतर

१२ डिसेंबर २०१५. लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये जाळीच्या अष्टकोनी पिंजऱ्यात दोन माणसं समोरासमोर उभी होती. एक आयर्लंडचा कॉनर मॅक्ग्रेगर आणि दुसरा ब्राझीलचा जोझे आल्दो, फेदरवेट गटाचा जगज्जेता. पंचांनी इशारा केला. आल्दो पुढे सरसावला. उजवा हात दाखवून डावा फिरवण्यासाठी त्याने अंगाचा भार पुढे टाकला, आणि त्याच क्षणी मागे सरकणाऱ्या मॅक्ग्रेगरचा डावा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. आल्दो पडता पडता त्याचाही डावा हात मॅक्ग्रेगरला लागला, पण तोवर पाय गेले होते. खाली पडल्यावर आणखी दोन फटके, की पंच मध्ये आले. तेरा सेकंद.

त्यापूर्वी दहा वर्षं हा माणूस हरला नव्हता. नोव्हेंबर २००५ पासून त्या रात्रीपर्यंत सलग अठरा विजय. आज त्याचं नाव काढलं, तर जाणकार सोडून बाकीच्यांना आठवतात ते हे तेरा सेकंद. बँकेत उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार खटकतो. खातं पाहायचं म्हटलं, की आम्ही लेजरचं पहिलं पान उघडायचो. एका नावे नोंदीवरून खातेदाराची पत ठरवायची नसते, हे कारकून लागल्याच्या पहिल्या महिन्यात शिकवलं जाई.

तर पहिलं पान. आल्दोचा जन्म ९ सप्टेंबर १९८६ चा, मनाउसचा. हे शहर ॲमेझॉनच्या जंगलात, निग्रो नदीच्या काठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रबराच्या पैशाने ते इतकं मातलं होतं, की १८९६ मध्ये तिथे युरोपच्या तोडीचं ऑपेरागृह उघडलं. इंग्रजांनी उचलून नेलेल्या रबराच्या बियांतून पुढे सिलोन-मलायात मळे उभे राहिले आणि मनाउसची रया गेली. ऑपेरागृह मात्र आजही उभं आहे. आल्दो जन्मला तो त्या शहराच्या गरीब वस्तीत, गवंडीकाम करणाऱ्याच्या घरी. तान्हा असताना बहिणीच्या हातून तो मांस भाजण्याच्या तापल्या जाळीवर पडला; डाव्या गालावरचा व्रण तेव्हाचा. फुटबॉलपटू व्हायचं हे तिथल्या प्रत्येक पोराचं स्वप्न याचंही होतं. रस्त्यावर मार खाऊन यायचं नाही म्हणून कापोएरा शिकला, आणि मग जिउ-जित्सूकडे वळला.

हा जिउ-जित्सू ब्राझीलला पोचला तोही ॲमेझॉनच्याच वाटेने. मित्सुयो माएदा नावाचा एक जपानी ज्युदोपटू जगभर कुस्त्या मारत १९१४ मध्ये ब्राझीलला आला आणि नदीच्या मुखापाशी बेलें शहरात स्थिरावला. त्याने कार्लोस ग्रेसी या मुलाला विद्या दिली. ग्रेसी घराण्याने ती रिओला नेली, तिच्यात स्वतःची भर घातली आणि 'वाले तुदो' म्हणजे 'सगळं चालतं' अशा लढतींतून ती पारखून घेतली. त्याच घराण्यातल्या रोरियनने १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला भागीदारीत यूएफसीची पहिली स्पर्धा भरवली, आणि त्याचा किडकिडीत भाऊ रॉयस सगळ्यांना लोळवून ती जिंकला. आज ज्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, त्या खेळाचा उगम असा आहे.

विशी गाठण्यापूर्वीच आल्दो रिओला निघाला. मनाउसहून रिओ जवळजवळ तीन हजार किलोमीटर. खिशात फारसं काही नव्हतं. आंद्रे पेदेर्नेरास या वस्तादाच्या 'नोव्हा उनियाँव' तालमीत तो राहिला. राहिला म्हणजे अक्षरशः राहिला: सरावाच्या गाद्यांवरच झोपायचा, कुणी दिलं तर जेवायचा. कोल्हापूरच्या तालमीत खेड्यातून येऊन राहणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्या पैलवानाच्या मागे निदान घरून येणारा खुराकाचा डबा असतो.

ऑगस्ट २००४ मध्ये पहिली लढत झाली. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात लुसियानो अझेवेदोने मागून गळ्याला मिठी घालून त्याला हरवलं; त्यानंतर ती दहा वर्षं सुरू झाली. २००८ मध्ये तो अमेरिकेतल्या डब्ल्यूईसी या संस्थेत गेला. हलक्या वजनाचे लढवय्ये तेव्हा तिथेच असत. जून २००९ मध्ये कब स्वॉन्सनला त्याने उडी मारून लागोपाठ दोन गुडघे हाणले आणि आठ सेकंदांत लढत संपवली. त्या आठ सेकंदांची आठवण कुणी काढत नाही. नोव्हेंबरात माइक ब्राऊनला हरवून तो विजेता झाला.

त्याची खरी विद्या पाहायची तर एप्रिल २०१० ची लढत पाहावी. सॅक्रामेंटो हे युराया फेबरचं गाव, प्रेक्षक सगळे फेबरचे. फेबर मूळचा कुस्तीगीर. आपल्या भाषेत सांगायचं, तर झपकन खाली वाकून पट काढणं हे त्याचं हत्यार. पट काढायचा तर पुढच्या पायावर भार घ्यावा लागतो. आल्दोने नेमका तोच पाय धरला. मांडीवर नडगीची एक लाथ, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी तीच जागा. लाथ मारून हा जागेवर परत, पवित्रा जसाच्या तसा. तिसऱ्या फेरीपर्यंत फेबरला धड उभं राहता येईना. त्याच्या सहकाऱ्यांना त्याला उचलून कोपऱ्यात न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मांडीचे फोटो प्रसिद्ध झाले, ते बघवत नाहीत. तरी तो पाचही फेऱ्या लढला, हेही नोंदवायला हवं.

जिउ-जित्सूचा काळा पट्टा असलेला हा माणूस जमिनीवर क्वचितच जाई, ही मला त्याच्या खेळातली सर्वांत मोठी गंमत वाटते. जमिनीवर काय होतं ते माहीत असल्यामुळेच त्याला तिथे न जाण्याची कला साधली असावी. पट काढायला आलेला माणूस त्याच्या कमरेवर आदळून सरकून जायचा. दहांतले नऊ प्रयत्न फुकट जात.

डब्ल्यूईसी यूएफसीत विलीन होत असताना नोव्हेंबर २०१० मध्ये आल्दो यूएफसीचा पहिला फेदरवेट विजेता ठरला. फेदरवेट म्हणजे पिसाच्या वजनाचा, ६६ किलोंच्या आतला. पुढच्या चार वर्षांत त्याने तो किताब सात वेळा राखला. या सगळ्या लढती शोभिवंत होत्या असं नाही. जानेवारी २०१२ मध्ये रिओत चॅड मेन्डेसने मागून कमरेला मिठी घातली, तेव्हा पडू नये म्हणून आल्दोने जाळी धरली. हे नियमाविरुद्ध आहे. पंचांनी गुण कापला नाही. फेरीचा एक सेकंद उरला असताना त्याने मिठी सोडवली, वळून गुडघा मारला आणि मेन्डेस कोसळला. आल्दो धावत प्रेक्षकांत घुसला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ऑगस्ट २०१३ मध्ये कोरियाच्या जुंग चान-सुंगशी लढताना सुरुवातीलाच त्याचं पाऊल मोडलं. चौथ्या फेरीत जुंगचा खांदा निखळला, तेव्हा आल्दोने लाथा त्या खांद्यावरच मारल्या. हा खेळ असा आहे. मला तो पाहताना अनेकदा नजर वळवावी लागते, आणि तरी मी पाहतो.

२०१५ च्या मार्चमध्ये मॅक्ग्रेगरबरोबर त्याला देशोदेशी फिरवण्यात आलं, लढतीच्या जाहिरातीसाठी. डब्लिनला मॅक्ग्रेगरने टेबलावर हात टाकून त्याच्या समोरचा पट्टा उचलला आणि सभागृह बेभान झालं. एक जण बोलून पैसा उभा करणारा, दुसरा दुभाष्याच्या तोंडून बोलणारा. जुलैची लढत आल्दोच्या बरगडीच्या दुखापतीमुळे लांबली, आणि मग डिसेंबर आला.

दहा वर्षं अजिंक्य राहिलेल्याला पुन्हा संधी मिळायला हवी होती. ती कधीच मिळाली नाही. मॅक्ग्रेगर वरच्या वजनात अधिक पैशांच्या लढतींकडे गेला आणि त्याने हा किताब एकदाही राखायला घेतला नाही. २०१६ च्या जुलैत फ्रँकी एडगरला हरवून आल्दो 'हंगामी' विजेता झाला. मला करारातून मोकळं करा, असं सप्टेंबरात त्याने जाहीर सांगितलं. नोव्हेंबरात मॅक्ग्रेगरचा किताब काढून घेतला गेला आणि आल्दो पुन्हा पूर्ण विजेता झाला. हे कागदोपत्री. आमच्याकडे याला जर्नल एंट्री म्हणत: रक्कम इकडून तिकडे जाते, कुणाच्या हातात काही पडत नाही.

या धंद्याचे करार वाचण्यासारखे असतात. लढवय्या हा नोकर नसतो, कंत्राटदार असतो. पण विजेता झाला, की त्याचा करार आपोआप लांबत जाईल अशी कलमं त्यात असत. २०१४ च्या डिसेंबरात काही लढवय्यांनी मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. तो दहा वर्षं चालला आणि ३७.५ कोटी डॉलर्सच्या तडजोडीवर मिटला. न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१० ते २०१७ या काळात पिंजऱ्यात उतरलेल्या सुमारे अकराशे जणांसाठी ती रक्कम होती. आल्दोच्या राज्याची वर्षं नेमकी तीच.

कादंबरीकाराला मोह होतो तो तेरा सेकंदांवर पडदा टाकण्याचा. आल्दो मात्र त्यानंतर आणखी पंधरा लढती लढला. ७ विजय, ८ पराभव. आधीचा हिशेब होता २५ आणि १. मॅक्स हॉलोवेने २०१७ मध्ये त्याला दोनदा हरवलं, एकदा रिओत त्याच्याच लोकांसमोर. जुलै २०१८ मध्ये कॅल्गरीला जेरेमी स्टीफन्सला पोटात ठोसा मारून त्याने पाडलं, आणि हा अबोल माणूस पिंजऱ्यात ढसाढसा रडला. किताब जिंकताना तो असा रडल्याचं मला आठवत नाही.

मग तेहेतिसाव्या वर्षी तो खालच्या वजनात उतरला. खाशाबा जाधवांमुळे बॅंटमवेट हा शब्द आपल्या कानांना परका नाही. इथे तो गट ६१ किलोंचा. वय वाढताना वजन उतरवणं म्हणजे अंगातलं पाणी पिळून काढणं. जुलै २०२० मध्ये अबुधाबीत रिकाम्या किताबासाठी प्योत्र यानने पाचव्या फेरीत त्याला जे बदडलं, ते पंचांनी फार उशिरा थांबवलं, असं माझं मत आहे. इथे हातमोजे काढून ठेवले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्याने पुढचे तिघे सलग हरवले. लाथा आता कमी झाल्या होत्या. त्याऐवजी बॉक्सिंग आलं होतं, यकृतावरचा डावा ठोसा आला होता. पस्तिशीला आलेला माणूस नवा डाव शिकत होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये मेराब द्वालिश्विलीकडून हरल्यावर तो निवृत्त झाला. थोडं व्यावसायिक बॉक्सिंग केलं, २०२३ मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि ४ मे २०२४ ला रिओत पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. समोर जोनाथन मार्टिनेझ, सात वर्षांनी लहान आणि लाथांसाठीच नावाजलेला. आल्दोने तिन्ही फेऱ्या लढून त्याला हरवलं.

शेवटची लढत १० मे २०२५ ला माँट्रियलला झाली. ठरली होती बॅंटमवेटमध्ये, पण अडतिसाव्या वर्षी ते वजन उतरेना, म्हणून आयत्या वेळी ती ६६ किलोंवर, म्हणजे त्याच्या जुन्या फेदरवेटमध्ये नेण्यात आली. तिसऱ्या फेरीत त्याच्या लाथेने आयमन झहाबी डळमळला. आल्दो त्याच्या मागे धावला, जवळ होतं ते सगळं त्याने ओतलं, आणि तिथेच दम संपला. झहाबीने त्याला खाली घेऊन कोपरांनी झोडपलं. निकाल विरुद्ध गेला. आल्दोने हातमोजे सोडले, पिंजऱ्यात मधोमध ठेवले आणि तो बाहेर पडला.