शेळीला लस दिली, मग मोत्याचं काय?



मी गावात पशुसखी म्हणून काम करते. पावसाळ्याआधी डॉक्टरांबरोबर घरोघरी फिरते. शेळ्यांना आंत्रविषाराची लस, गाई-म्हशींना घटसर्पाची, कोंबड्यांना मानमोडीची. सगळ्याजणी जनावरं धरून उभ्या राहतात. दारातला मोत्या मात्र नुसता शेपटी हलवत बघत बसतो. एकदा मी विचारलं, "काकू, ह्याला टोचायचं का?" त्या म्हणाल्या, "त्याला कशाला? तो काय दूध देतो?"

खरं आहे, मोत्या दूध देत नाही. पण आपली पोरं त्याच्याच गळ्यात हात टाकून झोपतात. म्हणून त्याची लस ही खरं तर आपल्या पोरांची लस आहे.

कुत्रं पिसाळतं ते उन्हामुळे किंवा भुकेमुळे नाही. रेबीजचे विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतात. ते चावलं की विषाणू जखमेतून शिरतात आणि नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतात. मेंदूत पोचले, माणूस पाण्याला घाबरू लागला, की मग औषध नाही. पण तिथे पोचायला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढीच आपल्याला सवड. त्या सवडीत लस घेतली तर जीव वाचतो.

कुत्र्याबद्दल आपण थोडं तरी सावध असतो. मांजराला विसरतो. रात्री मांजर कुठे फिरतं, कुणाशी भांडतं, कुणाला ठाऊक? आमच्या वस्तीवर एका मुलीला घरच्याच मनीने पोटरीला चावा घेतला. आईने हळद दाबली आणि कामाला लागली. दुपारी माझ्या कानावर आलं. मी त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, सुया सुरू केल्या. पाचव्या दिवशी मनी मेली. कशाने मेली ते कुणी तपासलं नाही. मुलगी आज चौथीत जाते.

तेव्हा हे लक्षात ठेवा. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर आधी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे गेलेला दिवस हा हातातून गेलेला दिवस. आता पोटात १४ सुया नसतात. दंडात देतात. पहिल्या सुईनंतर ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी पुन्हा जायचं असतं. डॉक्टर सांगतील ती प्रत्येक तारीख पाळा. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात, ते आवर्जून विचारा. आणि पोरांना चावल्याबद्दल रागवू नका. मार बसेल म्हणून पोरं लपवतात, आणि लपवलेला चावाच घात करतो.

आता मोत्या आणि मनीकडे वळू. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस द्यायची, साधारण महिन्याने दुसरी, मग दरवर्षी एक. मोठं जनावर असेल आणि कधीच टोचलं नसेल, तरी उशीर झाला असं समजू नका, आता सुरू करा. ताप असेल, खात नसेल, तर बरं होऊ द्या. आधी जंताचं औषध द्या. कुत्र्याला तोंड बांधून धरा, मांजराला गोणपाटात गुंडाळा. धरणारा माणूस ओळखीचा असावा. तारीख बचत गटाच्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी आठवण राहील.

एकेकटीने जाण्यापेक्षा गटाने जा. लसीच्या एका बाटलीत बऱ्याचदा अनेक जनावरांचे डोस असतात आणि ती बर्फात ठेवावी लागते. म्हणून आपल्या वस्तीतली कुत्री-मांजरं मोजा, यादी करा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एक दिवस ठरवून घ्या. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमारास शिबिरंही होतात, चौकशी करा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकच प्रश्न विचारा: कुणाकुणाच्या दारात कुत्रं आहे, चुलीजवळ मांजर आहे? जिने हात वर केला, तिचं नाव यादीत. एवढं कराल ना?