बालकांतील सेरेब्रल पाल्सी : चिकित्सकाची जबाबदारी

‘आठ महिन्यांचा झाला, अजून मान धरत नाही,’ असे सांगत माता बालकास घेऊन येते, तेव्हा ‘काही मुले उशिरा शिकतात’ असा दिलासा देऊन अभ्यंगासाठी तैल लिहून देण्याचा मोह आपणां सर्वांनाच होतो. हा दिलासा बालकास फार महाग पडतो.

विकसनशील मेंदूस गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी अथवा त्यानंतरच्या शैशवात झालेली इजा हे या विकाराचे मूळ होय. इजा वाढत नाही. परंतु शरीर वाढते, ताठर स्नायू आखडतात, नितंबसंधी निसटू लागतो. म्हणूनच आरंभीचे महिने मोलाचे. चौथ्या महिन्यानंतरही मान न सावरणे, मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, उभे धरताच पायांची कात्री होणे, ही लक्षणे पाहावीत. वर्षाच्या आतच बालक एकच हात वापरू लागले, तर घरी ‘डावखुरा’ म्हणून कौतुक होते. चिकित्सकाने मात्र दुसरा हात तपासावा. शिकलेले बालक विसरू लागले, तर व्याधी निराळा समजावा.

इंग्लंडमधील डॉ. लिटल यांनी १८६२ मध्ये या विकाराचा संबंध कष्टप्रसूतीशी जोडला. सर्वच रुग्णांत तसे नसते, हे फ्रॉइड यांनी १८९७ पर्यंत दाखविले होते. तरीही आजही दोष मातेच्या अथवा सुईणीच्या माथी मारला जातो! अकाली जन्म आणि दुर्लक्षित तीव्र कावीळ ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत.

काश्यपसंहितेतील फक्क म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, हे सरसकट समीकरण आम्हांस मान्य नाही. फक्कात पोषणदोषही अंतर्भूत आहे. तथापि चालण्याच्या सरावासाठी तेथे सांगितलेला तीनचाकी फक्करथ पाहिला की आचार्यांच्या दृष्टीचे नवल वाटते. अभ्यंगही अशा व्यायामास पूरक म्हणूनच करावा. त्याने मेंदूची इजा भरून येते, असे आश्वासन पालकांस देऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंना एक आग्रहाची विनंती. यांतील अनेक बालकांस गिळण्यास अडचण असते. आडवे निजवून पाजलेले घृत, तैल वा गुटी श्वासमार्गात उतरून फुप्फुसदाह होऊ शकतो. गिळताना ठसका लागतो का, हे विचारल्याविना असे औषध देऊ नये. आकडीच्या चालू गोळ्या आपल्या सल्ल्याने बंद करवू नयेत. अचानक थांबविल्यास आकडी जिवावर बेतू शकते. संशय येताच बालकास बालरोगतज्ज्ञांकडे अथवा जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. अभ्यंग त्यासोबतही चालू ठेवता येतो.