सायकल मित्रांची, हिशेब दात्याचा

दुकानाचे शटर ओढून झाल्यावर चार मित्र एकत्र बसतात आणि गप्पांच्या ओघात एखादा म्हणतो, "या हिवाळ्यात सायकलने बेळगाव गाठू या; एखाद्या सत्कार्यासाठी निधीही उभा राहील." कल्पना सुंदर असते. परंतु व्यापारी घरात वाढलेल्याला पुढचा प्रश्न सुचायलाच हवा: या प्रवासाचा खर्च कोणी सोसायचा? मित्रांच्या सहलीचा खर्च आणि दात्याचे दान एकाच गल्ल्यात पडले, तर हेतू कितीही निर्मळ असला तरी शंकेला जागा राहते. म्हणून अशा मोहिमेची आखणी करताना नकाशाच्याही आधी वही उघडावी.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात 1980 साली बिली स्टार या तरुणाने मित्रमंडळींसह स्प्रिंगफील्डहून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकलफेरी काढली. त्याच्या आईचे कर्करोगाने निधन झाले होते. जमलेला निधी बॉस्टन येथील डाना-फार्बर कर्करोग संस्थेला द्यायचा, असे ठरले होते. पहिल्या वर्षी 36 सायकलस्वार होते आणि सुमारे 10,200 डॉलर जमले. 'पॅन-मॅस चॅलेंज' या नावाने ही फेरी आजही दरवर्षी निघते आणि तिने उभारलेला एकूण निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. सायकलस्वारांनी जमवलेली संपूर्ण रक्कम 2007 पासून संस्थेकडे जाते. फेरीचा खर्च प्रवेशशुल्क आणि प्रायोजक यांच्याकडून भागवला जातो. दात्यांचा विश्वास टिकण्यात या चोख व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडील चार मित्रांनीही प्रारंभीच दोन वह्या कराव्यात. पहिली प्रवासखर्चाची. मुक्काम, भोजन, दुरुस्ती, सोबतच्या गाडीचे इंधन हे सारे मित्रांनी समान वर्गणीतून करावे. दुसरी वही दानाची, आणि तिच्यातील एकही रुपया मित्रांच्या हातातून जाऊ नये. दात्याने थेट संस्थेच्या खात्यात रक्कम भरावी आणि पावती त्याच्याच नावाने निघावी. एका मित्राच्या खात्यात सर्वांचे पैसे जमवून ते पुढे पाठवले, तर पावतीही त्या मित्राच्याच नावाने येते आणि मूळ दात्याची 80-जीची सवलत हुकते. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम रोखीने दिल्यास तिच्यावर ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती नाहीच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगांकडून देणगी घ्यायची असेल, तर संस्थेकडे विदेशी देणगी स्वीकारण्याची नोंदणी आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

कार्य निवडताना ते स्पष्ट आणि मोजता येण्याजोगे असावे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून गरजूंना कृत्रिम पाय विनामूल्य बसवून देत आली आहे. आपल्या पायांच्या बळावर दुसऱ्याला पाय मिळवून द्यावा, हा संकल्प सायकलस्वारांना शोभणारा आहे. एका पायाचा खर्च संस्थेकडून लेखी घ्यावा आणि किती पायांसाठी निधी उभारायचा, ते ठरवावे.

दर किलोमीटरमागे अमुक रुपये, अशी देणगी मागण्याची पद्धत आकर्षक असली तरी तिच्यात एक धोका आहे. गुडघा दुखावलेला मित्र देणगी बुडू नये म्हणून पायडल मारत राहतो. म्हणून कोणी मध्येच थांबला तरी ठरलेली देणगी पूर्ण मिळेल, असे दात्यांशी आधीच बोलून ठेवावे.

आता मार्ग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे. त्यामुळे पुण्याहून प्रारंभ करणे सोयीचे. पुणे ते सातारा सुमारे 110 किलोमीटर, सातारा ते कोल्हापूर सुमारे 120 आणि कोल्हापूर ते बेळगाव सुमारे 110, असे तीन टप्पे पडतात. पहिल्याच दिवशी कात्रज आणि खंबाटकी हे दोन चढ आहेत. तेथे घाई करणारा उरलेल्या वाटेवर थकतो. कराडपासून पुढे हिवाळ्यात उसाने भरलेले, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागचा दिवा नसतो. म्हणून सूर्योदयानंतर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. चौविहार पाळणाऱ्यांना हा नियम नवा नाही. येथे तो जीवरक्षकही ठरतो. निपाणीच्या पुढे तवंदी घाट लागतो. तेथील स्तवनिधी क्षेत्री दर्शन आणि विसावा दोन्ही साधता येतात.

शरीराची तयारी किमान तीन महिने आधी सुरू करावी. दर आठवड्याला अंतर थोडे थोडे वाढवावे आणि निघण्यापूर्वी सलग दोन दिवस 80 किलोमीटर चालवून पाहावे. दुसऱ्या दिवशीची सकाळ खरी परीक्षा घेते. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि रक्तदाब वा मधुमेह असल्यास तो मित्रांपासून लपवू नये. वाटेत खाण्यासाठी थेपले, खाकरा, खजूर, शेंगदाण्याची चिक्की उत्तम. उकळून गार केलेले पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. प्रत्येकाजवळ हेल्मेट, मागचा लाल दिवा, दोन जादा ट्यूब आणि पंप असावा. पंक्चर काढणे चौघांनाही यायला हवे.

वेग सर्वांत मंद मित्राचा धरावा आणि सर्वांत अनुभवी मित्राने शेवटी राहावे. पुढे गेलेल्यांनी दर तासाला थांबून सर्वांची गाठ घ्यावी. माघार घेण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा आणि त्याबद्दल कोणी थट्टा करू नये.

परतल्यावर छायाचित्रे सर्वत्र पोहोचतातच. हिशेब मात्र अनेकदा मागे राहतो. पंधरा दिवसांच्या आत प्रत्येक दात्याला पत्र जावे: एकूण किती निधी संस्थेकडे जमा झाला, त्यातून किती जणांना पाय मिळणार आणि प्रवासाचा खर्च मित्रांनी कसा वाटून घेतला. पायांचा शीण आठवडाभरात जाईल. हे पत्र मिळालेला दाता मात्र पुढच्या वर्षी "यंदा केव्हा निघणार?" असे आपणहून विचारील.