यंत्रे आली, आज्ञावलीचे काय?

१९५५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या अणुशक्ती परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले होते की, अणुसंमीलनाची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल. ते खरे ठरले नाही. त्याचा दोष भाभांच्या दूरदृष्टीला देणे अन्यायाचे होईल. प्लाझ्माचा स्वभावच तसा द्वाड आहे. कोट्यवधी अंश तापलेला हा विद्युत्भारित वायू चुंबकीय कोंडवाड्यात स्वस्थ बसत नाही. त्यास आवरणारे यंत्र बांधावयाचे तर वर्षे जातात व द्रव्यही अपार लागते. म्हणून तो कसा वागेल हे आधी संगणकावर पाहणे भाग पडते.

गणनेची एक रीत ऐकावयास सोपी आहे. प्लाझ्मावर कल्पनेने जाळी टाकावयाची, प्रत्येक चौकटीतील विद्युत्भार मोजावयाचा, त्यावरून क्षेत्र काढावयाचे, त्या क्षेत्राने कण पुढे ढकलावयाचे आणि पुन्हा मोजू लागावयाचे. ऑस्कर बुनेमन व जॉन डॉसन यांनी १९६० च्या सुमारास कणगणनेची वाट पाडली, तेव्हा हजारभर कण म्हणजे शिकस्त होती. आज कण अब्जावधी असतात, आणि जाळीचे तुकडे करून ते हजारो प्रोसेसरांना वाटून द्यावे लागतात.

खरी मेख या वाटणीत आहे. कण हद्द ओलांडतात, म्हणून पावलोपावली शेजाऱ्यास निरोप धाडावा लागतो. कण एका कोपऱ्यात दाटले की तेथील प्रोसेसर कामाखाली दबतो व बाकीचे हात बांधून उभे राहतात. एकत्र कुटुंबातील लग्नकार्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको! जीन आमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब तर अधिक कठोर आहे: ठरीव कामाचा विसावा हिस्सा जरी वाटता येण्याजोगा नसला, तरी यंत्रे कितीही जोडा, वेग वीसपटीपलीकडे जात नाही.

२०२२ चे गॉर्डन बेल पारितोषिक 'वॉर्पएक्स' या आज्ञावलीच्या कर्त्यांना मिळाले ते याच कसबासाठी. त्यांचा विषय संमीलन नव्हता, लेसरच्या साह्याने कणांस वेग देण्याचा होता. पण गणिताची जात तीच. गरज असेल तेथेच त्यांनी जाळी बारीक विणली, आणि एकच आज्ञावली चार भिन्न महासंगणकांवर चालवून दाखविली.

आपल्याकडे यंत्रांचा दुष्काळ आहे असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्येच 'परम ८०००' हा समांतर महासंगणक उभा केला. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत 'आदित्य' टोकामॅकच्या जोडीला 'अंत्या' महासंगणक आहे. महासंगणक आला की समारंभ होतो, छायाचित्रे छापली जातात, आम्हीही छापतो. परंतु जुनी फोर्ट्रान आज्ञावली वर्ष वर्ष खपून नव्या यंत्राजोगी करणाऱ्या तरुणाला शोधनिबंधाचे श्रेय क्वचितच लाभते. तो कंटाळून खाजगी कंपनीत गेला, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस पोचत नाही. सरकारने यापुढे महासंगणकाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात या माणसांच्या कायम जागांचा खर्च यंत्राच्या किमतीबरोबरच मांडावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.