कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे जमलेल्या संतमेळ्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिले. इतर शांत बसले. नामदेव मात्र रागावले. तेव्हा गोरोबांनी सर्वांसमक्ष निर्णय दिला, हे मडके कच्चे आहे.

असा प्रसंग कचेऱ्यांतून आजही घडतो. वरिष्ठ चारचौघांत परखड बोलतो आणि हाताखालच्या माणसाची झोप उडते. असे बोलणे हितकारक की घातक? १९९६ साली क्लूगर व डेनिसी या संशोधकांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. अभिप्रायामुळे काम सरासरीने सुधारते, असे त्यांना आढळले. परंतु एकतृतीयांशाहून अधिक वेळा ते उलट बिघडले होते. लक्ष कामावरून ढळून स्वतःकडे वळले, की अभिप्रायाचा गुण ओसरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘ही रक्कम चुकली’ असे ऐकून कारकून हिशेब पुन्हा तपासतो. ‘तुम्हाला हिशेब कळतच नाही’ असे ऐकून तो आपली अब्रू सांभाळू लागतो.

नामदेवांचेही प्रथम तसेच झाले. ते दुखावून पंढरीस परतले आणि विठ्ठलापाशी त्यांनी गाऱ्हाणे मांडले. तेथे त्यांची समजूत घालून त्यांना गप्प बसविण्यात आले नाही; विसोबा खेचरांकडे जाण्याची वाट दाखविण्यात आली. औंढा नागनाथाच्या देवळात त्यांना गुरू भेटले, अशी परंपरा आहे. पुढे नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत पोहोचली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत.

या कथेतील मर्म कुंभाराच्या धंद्यातच आहे. मडके वाजवून पाहिल्याने त्याची पारख होते, ते पक्के होत नाही. त्यासाठी आवा पेटवावा लागतो. उणीव दाखवून निघून जाणाऱ्या वरिष्ठाचे काम म्हणूनच अर्धे राहते. शिकविणारा माणूस, पुरेशी सवड आणि तेच काम पुन्हा करून दाखविण्याची संधी एवढे दिले, म्हणजे कठोर शब्दाचेही चीज होते. शिवाय गोरोबांनी नामदेवांस कच्चे म्हटले, फुटके म्हटले नाही. फुटक्या मडक्याला आव्याचा उपयोग नसतो, कच्च्याला असतो.