फॅनफिकसाठी ई-रीडर घेताय? आधी हे गैरसमज काढून टाका

‘ऑल द यंग ड्यूड्स’ ही हॅरी पॉटरच्या वडिलांच्या आणि त्यांच्या दोस्तांच्या शाळेतल्या दिवसांवरची फॅनफिक, म्हणजे चाहत्याने लिहिलेली कथा. प्रकरणं १८८, शब्द पाच लाखांच्या वर. रोलिंगबाईंचे मूळ सातही भाग एकत्र धरले तर अकरा लाखांच्या आसपास शब्द भरतात. म्हणजे ही फुकट मिळणारी कथा जवळजवळ निम्म्या मालिकेएवढी! हे सगळं फोनवर वाचायचं म्हटलं की डोळे चुरचुरतात, बॅटरी बसते आणि ऐन भांडणाच्या प्रसंगात सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टँकरचा मेसेज टपकतो. मग ई-रीडरची चौकशी सुरू होते.

चौकशीत मिळणारे सल्ले बहुतेक विकतची पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी असतात. कुणाचं दुकान मोठं, कुठे सवलत जास्त, वगैरे. फॅनफिक दुकानात नसतेच. तेव्हा बघायचं ते एवढंच, की तुमच्या कथा जिथे आहेत तिथून त्या यंत्रात शिरणार कशा. बाकीचं सगळं नंतर.

‘किंडलवर अमेझॉनकडून घेतलेलंच वाचता येतं’

हा सगळ्यात जुना आणि चिवट गैरसमज. गंमत म्हणजे अमेझॉनने एकेकाळी परवाना घेऊन फॅनफिक्शन विकायचाही घाट घातला होता. ‘किंडल वर्ल्ड्स’ नावाचा तो उद्योग २०१३ मध्ये सुरू झाला आणि २०१८ मध्ये गुंडाळला गेला. पण किंडलवर स्वतःची फाइल टाकायला अमेझॉनची कधीच हरकत नव्हती.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, म्हणजे चाहत्यांचं एओथ्री, २००९ पासून सर्वांसाठी खुलं आहे. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं, जाहिरात नाही. २०१९ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे प्रत्येक कथेच्या वर डाउनलोडचं बटण असतं आणि ईपब, एझेडडब्ल्यू३, मोबी, पीडीएफ, एचटीएमएल असे पाच प्रकार मिळतात. घोळ होतो तो इथे. ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ने पाठवली तर २०२२ पासून किंडल ती मुकाट स्वीकारतं. तीच ईपब केबल लावून किंडलमध्ये कॉपी केली तर लायब्ररीत दिसतच नाही, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, चालत नाही!’ केबलने टाकायची असेल तर एझेडडब्ल्यू३ घ्यायची. मोबी जुन्या यंत्रांसाठी ठीक, नव्याने त्या वाटेला जायचं कारण नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेझॉनने विकत घेतलेली पुस्तकं वेबसाइटवरून संगणकावर उतरवून घ्यायची सोय बंद केली. त्यावरून ‘आता केबलचा रस्ताच बंद झाला’ अशी आवई उठली. तुमची स्वतःची फाइल केबलने आजही जाते.

‘सेंड टू किंडल’ सोपं आहे, पण त्याने फाइल अमेझॉनच्या क्लाउडमध्येही राहते. घरात एकाच अकाउंटवर दोन-तीन किंडल चालत असतील तर तुमची ‘फक्त प्रौढांसाठी’ कथा आईच्या किंडलच्या लायब्ररीतही डोकावू शकते. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी केबल जवळ ठेवावी.

‘फॅनफिकसाठी कोबोच पाहिजे’

एओथ्रीवरच वाचत असाल तर कोबो कंपनीचा ई-रीडर खरंच सुटसुटीत. ईपब केबलने टाकली की लगेच उघडते. लिब्रासारख्या मॉडेलला पान उलटायची बटणं आहेत, आणि पडल्या पडल्या एका हाताने दोनशे प्रकरणं संपवणाऱ्याला त्या बटणांची किंमत कळते. मात्र परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवणार असाल तर वॉरंटी इथे चालेल का, हे आधी विचारा.

तुमचा मुक्काम एओथ्रीवर नसेल तर कोबो आणि किंडल दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरू शकतात. वॉटपॅडवरच्या कथा त्यांच्या ॲपमध्येच ऑफलाइन वाचायच्या, फाइल हाती लागत नाही. प्रतिलिपीवर मराठी वाचणाऱ्यांचंही तेच. १९९८ पासून चालू असलेल्या फॅनफिक्शन डॉट नेटवर डाउनलोडचं बटण नाही. ॲपमधलंच वाचायचं असेल तर बूक्ससारखं अँड्रॉइडवर चालणारं ई-इंक यंत्र घ्यावं. ई-इंकवर ॲप चालतं, पण स्क्रोल करताना आधीच्या ओळींची पुसट सावली मागे राहते. पानं उलटायची सोय ॲपमध्ये असेल तर ती निवडा, नाहीतर आठवडाभरात वैतागाल.

‘जास्त जीबीचं मॉडेल घ्या, रंगीत घ्या’

साध्या मजकुराची पाच लाख शब्दांची इंग्रजी फाइल दोन-तीन एमबीच्या आत बसते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा लागते, पण ईपब फाइल मुळात दाबून बसवलेली असते, त्यामुळे तिथेही चिंता नको. १६ जीबीत आयुष्यभराचं वाचन मावेल. जास्त जागा ऑडिओबुकं आणि कॉमिक्सवाल्यांसाठी.

रंगाचंही तसंच. कॅलिडो ३ जातीच्या रंगीत पडद्यावर काळा मजकूर दर इंचाला ३०० ठिपक्यांचा असतो, रंग मात्र १५० ठिपक्यांचे, फिकट. रंगाच्या थरामुळे पडदा जरा काळवंडलेलाही वाटतो. चाहत्यांनी काढलेली चित्रं कथेत असतील तर मजा येईल, पण निव्वळ मजकुरासाठी जादा पैसे देणं मला तरी पटत नाही.

‘पीडीएफ सगळीकडे चालते, मग तीच घ्यावी’

उघडते सगळीकडे, वाचवत नाही. पीडीएफचं पान ठरलेल्या मापाचं. ते सहा इंची पडद्यावर आलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठी करावीत तर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवावं लागतं. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात.

मराठी वाचणाऱ्यांच्या मनात पीडीएफबद्दल वेगळी माया असते, आणि ती उगाच नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेला असला तर जोडाक्षरं जशी लिहिली तशी दिसतात. ईपबमध्ये ती जोडायचं काम यंत्राला करावं लागतं. ते त्याला जमलं नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न बसता उजवीकडे जाते आणि ‘उत्स्फूर्त’चे पाय मोडून तुकडे होतात. किंडलवर अमेझॉनने २०१६ मध्येच मराठी पुस्तकं आणली, तिथे ही अडचण सहसा येत नाही. दुसरं कुठलंही यंत्र घेण्याआधी मात्र एक छोटी मराठी ईपब त्यावर उघडून बघा. तिच्यात ‘वाङ्मय’, ‘ऱ्हास’, ‘शक्तिमान’, ‘दुर्लक्ष’ असे शब्द असू द्या. दोन मिनिटांत निकाल लागतो.

‘एकदा उतरवली की काम झालं’

पूर्ण झालेल्या कथेपुरतं खरं. चालू असलेल्या कथेची फाइल तुम्ही उतरवली त्या दिवशीच गोठते. लेखिकेने पुढचं प्रकरण टाकलं तरी ते आपणहून येत नाही, पुन्हा उतरवावी लागते. दहा-पंधरा कथा एकदम वाचणाऱ्यांनी कॅलिबर शिकून घ्यावं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यात फॅनफिकफेअर नावाचं प्लगइन टाकलं की ते नवी प्रकरणं शोधून जुन्या ईपबला जोडतं. काही वेबसाइटी त्याला दाद देत नाहीत, एओथ्रीवर ते बऱ्यापैकी चालतं.

उतरवणं म्हणजे चोरी, असंही काहींना वाटतं. एओथ्री स्वतःच बटण देतं, त्यात चोरी कसली? ती फाइल दुसरीकडे चढवणं किंवा छापून विकणं हा गुन्हा. उलट उतरवून ठेवण्याला कारण आहे. कथा नाहीशा होतात. ‘फिफ्टी शेड्स’ मुळात ‘ट्वायलाइट’ची फॅनफिक होती, पुस्तक येण्याआधी ती इंटरनेटवरून उठली. हॅरी पॉटरवरची गाजलेली ‘मॅनॅकल्ड’ही अशीच एओथ्रीवरून काढली गेली आणि २०२५ मध्ये पात्रं, जग बदलून ‘अल्केमाइज्ड’ या नावाने छापून आली. ज्यांनी फाइल ठेवली होती त्यांच्याकडे मूळ कथा राहिली.

फाइलच्या शेवटी मूळ पानाचा दुवा असतो. दाद द्यायची तर तो फोनवर उघडा. ई-रीडरच्या ब्राउझरवर लॉगिन करून प्रतिक्रिया टाइप करण्यात संध्याकाळ जाते.

एक प्रकार मात्र कुठल्याच ई-रीडरवर नीट उतरत नाही. पात्रांमधल्या व्हॉट्सॲपसारख्या चॅटमधून पुढे सरकणाऱ्या कथांत रंगीत फुगे, डाव्या-उजव्या बाजूचे मेसेज अशी सजावट असते. डाउनलोडमध्ये ती बहुधा गळून पडते आणि कोण कुणाला काय म्हणालं तेच कळेनासं होतं. अशा कथा फोनवरच वाचाव्यात.